पेन जिथे थांबायचं

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसलेच आहे. घाटात लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा… असलं काही आलं की मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "यांना कोणी तीनदा रीडिंग घ्यायला शिकवलं नाही वाटतं." माझं कामच ते आहे. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. अलिबागजवळच्या एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये चौदा वर्षं आहे. एक नमुना, तीन रीडिंग, तिन्ही जुळली तर सही. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडिलांना सही करता येते, तेवढीच. त्यामुळे मी शिकलेली आहे हे मी लपवत नाही, आणि कोणी म्हणालं की हिला त्याचा गर्व आहे, तर नाकारतही नाही.

तरी आज लिहिते आहे. कारण यात माझ्या बापाचा जीव होता, आणि तो वाचला तो कशामुळे हे मला अजून कळलेलं नाही.

आधी जागा सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमचं गाव खारेपाटातलं. अलिबागहून रेवसकडे रस्ता जातो, त्याच्या खाडीकडच्या अंगाला. नाव लिहीत नाही, गावाला अजून तिथे नांदायचं आहे. आमची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. समुद्र आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूने मातीचा मोठा बांध, त्याला आम्ही काठा म्हणतो. काठा फुटला तर खांड पडली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही.

हा काठा राखायला गावाची जोळ असते. म्हणजे प्रत्येक घराला काठ्याचा एक तुकडा ठरवून दिलेला. आपला वाटा आपण चिखल घालून पक्का करायचा, दुसऱ्याने येऊन बघायचं नाही. विश्वासाचं काम. एकाने कुचराई केली तर पाणी सगळ्यांच्या शेतात येतं. म्हणून जोळीत खोटं काम करणं आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट समजतात. चोराला लोक विसरतात, काठा कोणामुळे गेला ते तीन पिढ्या सांगतात.

माझ्या वडिलांना, आबांना, गावात मान होता तो या काठ्यामुळेच. अमावस्या-पौर्णिमेला मोठं उधाण असतं. आमच्याकडे ते दुपारी बारा-साडेबाराला चढतं. त्या वेळी आबा छत्री घेऊन काठ्यावर जाऊन बसायचे, पाणी उतरेपर्यंत. ऊन असो, पाऊस असो, ताप असो. सोळा वर्षं एकही उधाण चुकवलं नाही. लोक त्यांना राखणदार म्हणत. बसायचे मात्र नेहमी एकाच जागी, आपल्या वाट्यावर. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही. आपल्या वाट्यावर नाही तर माणूस कुठे बसणार?

आता नक्षीचं.

मागच्या ज्येष्ठात माझा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही, पण ब्युरेटचा नळ फिरवताना एक थेंब जास्त पडायचा, आणि आमच्या कामात एक थेंब म्हणजे सगळंच. कंपनीच्या डॉक्टरांनी बीपी तपासलं आणि म्हणाले, "मॅडम, डोकं जरा बंद ठेवायला शिका." आई जाऊन सात वर्षं झाली, आबा गावाला एकटे, अलिबागला यायला तयार नाहीत, ते सगळं डोक्यात होतंच.

माझ्यासोबत लॅबमध्ये सोनल आहे. तिने मला मोबाईलवर दाखवलं. तळहाताएवढं चौकोनी कार्ड घ्यायचं. पेन्सिलीने एक रेघ सोडायची, कशीही, न ठरवता, वळेल तशी वळू द्यायची. त्या रेघेने कार्डाचे कप्पे पडतात. मग काळ्या पेनने एकेक कप्पा एकेका नक्षीने भरायचा. गोल, खवले, जाळी, गवताच्या काड्या, काहीही. हवं तर मार्करने सावली द्यायची. खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर चूकच नक्षीत घ्यायची.

मी म्हटलं, "हे तर शाळेत मागच्या बाकावरची पोरं वहीच्या शेवटच्या पानावर करायची."

"मग ती पोरं किती शांत होती बघ," सोनल म्हणाली. "तूच पहिल्या बाकावर बसून बीपी करून घेतलंस."

अलिबागच्या स्टेशनरीच्या दुकानातून मी झिरो पॉइंट फाइव्हची दोन काळी वॉटरप्रूफ पेनं, दोन राखाडी मार्कर आणि कार्डांचं एक पाकीट घेतलं. रोज सकाळी चहानंतर वीस मिनिटं. पंधरा दिवसांत हात थांबला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. टायट्रेशन पुन्हा जुळायला लागलं.

फक्त एक गोष्ट होती. प्रत्येक कार्डावर एका जागी पेन चालायचं नाही.

जागा छोटी, अंगठ्याच्या नखाएवढी. पेन सरळ येतंय, येतंय, आणि तिथे कोरडं. पुढे गेलं की परत शाई. मला वाटलं, कार्डाला तेलकट बोट लागलं असेल. दुसरं कार्ड घेतलं, तेच. दुसरं पेन, तेच. मार्करसुद्धा तिथे नुसता घासल्यासारखा फिरायचा. नितीनला, माझ्या नवऱ्याला, त्याच पाकिटातलं कार्ड दिलं. त्याने त्याच पेनाने सगळीकडे स्वतःच्या सह्या ठोकल्या आणि म्हणाला, "चालतंय की. तुझ्या हाताला माझ्यासारखं वजन नाही."

मग मी लॅबवाली पद्धत लावली. कार्डांच्या मागे तारीख घालून ठेवायला लागले. वीस झाल्यावर सगळी जेवणाच्या टेबलावर मांडली. कोरी जागा प्रत्येक कार्डावर वेगळ्या ठिकाणी दिसत होती, कधी वर, कधी उजवीकडे. पण मी कार्डं फिरवून बघितली.

पेन्सिलीची रेघ सगळ्या कार्डांवर एकच होती.

कार्ड आडवं धरलं असेल, उलटं धरलं असेल, पण रेघ तीच. एक लांब वळण, मग आत घेतलेला कोपरा, मग सरळ, मग शेवटी पुन्हा बाहेर. वीस दिवस मी न ठरवता रेघ सोडते आहे असं समजत होते आणि हात एकच रेघ काढत होता. कोरी जागा त्या रेघेवरच होती, सरळ तुकडा संपतो त्याच्या जरा अलीकडे. वीसच्या वीस वेळा.

सोनल म्हणाली, "हाताला सवय लागते. माझी सही पण रोज सारखीच येते." मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं.

पण दर पंधरा दिवसांनी ती कोरी जागा ओली व्हायची. कार्ड टेबलावर पडलेलं असे, दुपारी बघावं तर तेवढीच जागा दमट, आणि वाळली की कडेला पांढुरकी रेघ. पावसाळ्याचे दिवस, दमट हवा, हे मलाही समजतं. पण बाकीचं कार्ड कोरडं कसं? दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आमच्याकडच्या माणसाला ती सवयच असते. पहिल्यांदा पौर्णिमा होती. आता अमावस्या.

तिसऱ्यांदा मी ते कार्ड लॅबमध्ये नेलं. पांढरं खरवडून डिस्टिल्ड वॉटरमध्ये घातलं, नायट्रिक ॲसिडचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. लगेच दह्यासारखा पांढरा साका. बारावीच्या मुलालाही माहीत आहे, ते क्लोराईड, म्हणजे मीठ. त्याच कार्डाच्या कोऱ्या कोपऱ्याचा तुकडा घेऊन केलं, तर पाणी स्वच्छ.

"घाम असेल," सोनल म्हणाली. "घामात मीठ असतंच."

मी चौथ्या वेळी हातमोजे घालून नक्षी काढली. पांढरं दोनदा तपासलं, दोन्ही वेळा साका. तीन रीडिंग मिळाली होती, जुळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सही करावीशी वाटत नव्हती.

नारळी पौर्णिमेला गावी गेले. सकाळी नारळीभात केला आणि आबांना भूक लागेपर्यंत ओटीवर कार्ड घेऊन बसले. आबा समोर छत्रीची काडी तारेने बांधत होते.

"काय करतंस गो?"

"नक्षी. मन शांत होतं याने."

"शाला शिकली, कालेज शिकली, नोकरी लागली," आबा म्हणाले, "आनि आता परत रेघोट्या. मग मास्तरला उगाच तरास दिला आपुन."

हसत त्यांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं. चष्मा नव्हता. मग हसणं थांबलं नाही, पण वेगळं झालं, कौतुकाचं.

"यो आपला काठा ना? बरोबर काढलास की."

मी काठा काढलाच नव्हता.

आबांनी छत्री बाजूला ठेवली आणि रेघेवर बोट ठेवलं. "हा म्हसोबाकरचा कोपरा. हितून वलान. ही उघाडी, पानी सोरायची. यो पांडूचा वाटा. यो नाऱ्याचा. यो…"

बोट सरळ तुकड्यावरून चाललं होतं. कोऱ्या जागेपाशी आलं, आणि त्यांनी ते उचललं. उचलून पलीकडे ठेवलं आणि पुढची नावं घेतली. जसं रस्त्यात शेण असलं की माणूस बोलता बोलता पाय उचलतो, तसं.

"आबा, मध्ये काय आहे?"

"काय न्हाय."

"तिथे आपला वाटा आहे ना?"

त्यांनी कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. "तुला कोनी सांगितला?"

"काय सांगितलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या बापाला मी घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. मग छत्री घेऊन उठले आणि उधाणाला अजून दोन तास असताना काठ्यावर निघून गेले. नारळीभाताचा डबा घेऊन मी मागून गेले. पाण्याकडे तोंड करून जेवले. संध्याकाळी निघताना नेहमीसारखं "पोचलीस का फोन कर" एवढंच.

मला वाटलं, मी त्यांना दुखावलं. कसं ते समजेना.

पंधरा दिवसांनी पिठोरी अमावस्या. त्या दिवशी माझी सुट्टी होती, नितीन ड्युटीवर. सकाळचे अकरा वाजले असतील, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी मुद्दाम सांगते आहे. अंधार नव्हता, वारा नव्हता, खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. कार्ड घेतलं. रेघ तीच आली. कप्पे भरत गेले, आणि त्या जागेपाशी आल्यावर सवयीने पेन उचलणार होते…

पेन चाललं.

अडीच महिन्यांत पहिल्यांदा शाई उतरली. आणि हात थांबेना. मी कधी न शिकलेली नक्षी येत होती. बारीक सरळ काड्या, एकावर एक रचलेल्या, त्यांचे जुडगे, आणि प्रत्येक जुडग्याला दोन गाठी. एक मधोमध, एक शेंड्याजवळ. मी माझा हात बघत होते, दुसऱ्याचा बघावा तसा. जागा भरली, पेन आपोआप थांबलं. मी नीट बघितलं तर त्या पेंढ्या होत्या. भाताच्या पेंढ्याच्या जुड्या.

मग शाई फुटली. वॉटरप्रूफ शाई. नळाखाली धरली तरी जी हलत नाही ती त्या जागेतून बाहेर पसरायला लागली, शेजारच्या कप्प्यात, मग त्याच्या शेजारच्या. कार्ड उचललं तर खालून ओलं होतं आणि टेबल कोरडं.

तिथे मी विचार केला नाही. आबांना फोन लावला. वाजत राहिला. ते काठ्यावर जाताना फोन घरीच ठेवतात. मग पांडूकाकांना लावला. आबांचे चुलतभाऊ, जोळीचे म्होरके, आमच्या शेजारचंच घर.

"काका, आबा कुठे आहेत?"

"काठ्यावर. आज अमावस हाय, कुठं असनार?"

"त्यांना तिथून उठवा. आत्ता."

"का गो? रापेल बाबा तुजा? आता काय नवरदेव व्हायचाय त्याला?"

"काका, आमच्या वाट्यात आत माती नाही. पेंढा आहे."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण बोलल्याबरोबर मला कळलं की हे खरं आहे.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"रंजू," काका म्हणाले, आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, "तू काय बोलतंस ते कलतंय का तुला? हे मी चार मानसांना घेऊन बघायला गेलो का तुज्या बापाचा नाव गेला."

"नाव जाऊ दे काका. बाप राहू दे."

फोन ठेवला आणि स्कूटर काढली. एवढंच आठवतं की रस्त्यात कुठेही ब्रेक लावला नाही.

पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते आणि पाणी काठ्याच्या खांद्यापर्यंत आलं होतं. मी मधल्या बांधावरून धावत होते. समोर पांडूकाका, हातात पहार, सोबत शेजारचे दोघं, आणि त्यांच्या मध्ये आबा. काकांनी मागाहून सांगितलं की आबा उठायलाच तयार नव्हते. "मी हाय तवर काय व्हायचा न्हाय," एवढंच म्हणत होते. मग काकांनी त्यांच्या बाजूला पहार मारली. ती दह्यात बोट जावं तशी मुठीपर्यंत आत गेली. काकांनी आबांकडे बघितलं. आबांनी खाली बघितलं, आणि स्वतःच उठले.

ते चौघं पन्नास पावलं आले असतील. छत्री तिथेच राहिली होती, दांडा चिखलात रोवलेला. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. काही आवाज झाला नाही. छत्री वाकली नाही, पडली नाही… सरळ खाली गेली. कोणीतरी खालून धरून ओढल्यासारखी. आणि जिथे ती होती तिथून पाणी आत यायला लागलं.

गाव धावून आलं. पाणी उतरल्यावर गोणी, बांबू, चिखल जे मिळेल ते घालून संध्याकाळपर्यंत खांड बुजवली. तरी पाच घरांचं भात खारलं. आमचं पहिलं. फुटलेल्या जागेत काळा, कुजलेला पेंढा सापडला. काथ्याच्या गाठी मात्र तशाच होत्या. प्रत्येक जुडीला दोन. गावात सगळे एकच गाठ मारतात. दोन मारतो तो एक माझा बाप.

त्या संध्याकाळी देवळात बैठक बसली आणि आबांनी उभं राहून सांगितलं.

आता मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी अभिमानाने शंभर वेळा सांगितली आहे. नोकरीच्या मुलाखतीत सांगितली, कंपनीच्या महिला दिनाला माईकवर सांगितली. माझी शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल होती, दोन दिवसांची. फाल्गुनातल्या उधाणाला काठ्याला खांड पडली आणि गावाचा रस्ता पाण्याखाली गेला. आबा माझं जर्नल आणि ॲप्रन डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून माझ्यापुढे चालले. दोन्ही दिवस कॉलेजच्या गेटबाहेर बसून राहिले, कारण बसचा भरवसा नव्हता. टाळ्या पडायच्या या गोष्टीला.

त्याच दोन दिवसांत जोळीने खांड बांधली होती. प्रत्येक घराने आपला वाटा. आमच्या वाट्याला माणूस नव्हता, तो गेटबाहेर बसला होता. आई आजारी. परत आलो तेव्हा पुढची भरती तोंडावर. आबांनी घराची पेंढ्याची उडवी मोडली, जुड्या आत कोंबल्या आणि वरून हातभर चिखल लिंपला. पुढच्या महिन्यात उकरून नीट करू म्हणाले. पण उकरायचं म्हणजे चारचौघांत दाखवायचं. दर वर्षी वरून चिखल वाढवत गेले. आणि दर उधाणाला त्यावर जाऊन बसले.

"पोरगी पास झाली," आबा शेवटी म्हणाले. "त्याची लाज न्हाय मना. बाकी सगल्याची हाय."

पांडूकाका उठले. "सोला वर्सं आमी तुला राखनदार म्हनलो. आनि तू आपलीच चोरी राखीत बसलेला." मग खाली बसले, आणि तोंडावर उपरणं घेतलं.

गावाने ठरवलं, वाटा मुळापासून पुन्हा बांधायचा, घरच्याच हातांनी. मजूर लावायचा नाही. आबा एकाहत्तर वर्षांचे. म्हणजे मी.

माघापासून अकरा रविवार मी आणि नितीनने चिखल वाहिला. बायका बांधावर बसून बघायच्या. "बी.एस्सी. मॅडम, या गोल्याची टेस केलीव का?" मी म्हणायचे, "तीन वेळा," आणि पुढचा गोळा डोक्यावर घ्यायचे. चौथ्या रविवारी त्यातल्याच दोघी उतरून मदतीला लागल्या. घरचे हात म्हणजे कोणाचे, हे मग कोणी विचारलं नाही.

तुम्ही विचाराल, याचं स्पष्टीकरण काय. मी खूप मांडून बघितलं. काठ्याची रेघ माझ्या पायाखालची, लहानपणापासूनची, हाताला आठवली असेल. दोन गाठी मी घरी बघितलेल्याच. आबांच्या तोंडावरची भीती बघून मनाने आतल्या आत काही जुळवलं असेल. कार्डाला दमट हवा लागली असेल, शाई खराब निघाली असेल. एकेका गोष्टीला एकेक उत्तर देता येतं. पण मग अमावस्या-पौर्णिमेचं काय? हातमोजे घालून आलेल्या मिठाचं काय? आणि त्याच दिवशी, पाणी चढायच्या तासभर आधी पेन का चाललं? सगळ्यांना मिळून एक उत्तर माझ्याकडे नाही. शेवटचं कार्ड कपाटात आहे, त्याची कड अजून पांढरी आहे.

वाटा बांधून झाल्यावर रेघ सुटली. हात रोज नवी वळणं घ्यायला लागला, पेन सगळीकडे चालायला लागलं. मी म्हटलं, संपलं.

वैशाखात ती परत आली. लांब वळण, आत घेतलेला कोपरा, मग सरळ. आमच्या वाट्यावर पेन आता छान चालतं. थांबतं ते त्याच्या अलीकडे, उघाडीला लागून. मी आठ दिवस थांबले. आठही कार्डांवर तीच जागा.

गेल्या रविवारी गावी गेले. आबा आणि पांडूकाका ओटीवर बसले होते. पाऊस यायला अजून वेळ आहे, माती कोरडी आहे, काम करायचं तर हेच दिवस. मी कार्ड काकांच्या हातात दिलं. म्हटलं, "काका, हा काठा बरोबर आलाय का बघा."

काकांनी ते लांब धरलं, मग जवळ घेतलं. "बेस काढलास," म्हणाले, आणि रेघेवर बोट ठेवलं. "हा म्हसोबाकरचा कोपरा. हितून वलान. ही उघाडी…"

आबा माझ्याकडे बघत नव्हते. ते काकांच्या बोटाकडे बघत होते.

काकांनी बोट उचललं, आणि स्वतःचा वाटा ओलांडून पुढच्या वाट्यावर ठेवलं.